जिना पाडला त्या दिवशी

शिडीच्या सातव्या पायरीवर भाऊजींनी डोळे मिटले. वहिनींसारख्या खाजगी गुप्तहेराचा मदतनीस व्हायला आपण हौसेने तयार झालो खरे, पण शिड्या चढू असं कुणी कबूल केलं होतं?

“खाली बघू नका, भाऊजी,” वरून वहिनींचा आवाज आला. त्या केव्हाच पोचल्या होत्या.

या घराचा जिना तीन आठवड्यांपूर्वी पाडला होता आणि नव्याचा पत्ता नव्हता. वरच्या दोन खोल्यांत सूनबाई आणि तिच्या सासूबाई अडकून पडल्या होत्या. सासूबाईंचं, म्हणजे आजींचं, डोळ्याचं ऑपरेशन परवावर आलेलं. त्यात रोज संध्याकाळी सहा वाजता ठेकेदार शेठ शिडी टेम्पोत टाकून घेऊन जाई. चोर येऊ नयेत म्हणून, असं त्याचं म्हणणं.

पाच वाजले होते. भाऊजींनी मनातल्या मनात उतरायच्या पायऱ्या मोजल्या.

“काल मी शेठना म्हटलं, तक्रार करते,” सूनबाई म्हणाली. “आणि आज कपाटातून त्यांचा ठेकेदारीचा परवानाच गायब! काम संपेपर्यंत मूळ परवाना मी हट्टाने माझ्याकडे ठेवला होता.”

“कामाआधी तपासला होता?” वहिनींनी विचारलं.

“परवाना कार्यालयाला फोन केला होता. परवाना खरा निघाला. आज परत विचारलं, तर बारा तारखेला नूतनीकरणही झालंय. परवानाधारक स्वतः सकाळी दहापासून पाचपर्यंत बसून अंगठा देऊन गेला म्हणे.”

“त्यावरचा फोटो?”

“वीस वर्षांपूर्वीचा. डोक्यावर केसांचं जंगल. शेठ टकलावरून हात फिरवत म्हणाले, ‘गेले ते दिवस!’ आम्ही हसलो.”

“बाराला मला ऐंशी पूर्ण झाली,” आजी मध्येच म्हणाल्या. “कुणाला आहे का त्याचं काही?”

दोघं खाली उतरले तेव्हा शेठ खुर्चीत बसले होते. “गुडघ्यामुळे मी शिडी चढतच नाही, बाई. वर मिस्त्री आणि सुतार जातात. त्यांना धरा.”

“नव्या जिन्याची पायरी किती उंच घेणार?” वहिनींनी विचारलं.

शेठनी मिस्त्रीकडे पाहिलं.

“साडेसहा इंच,” मिस्त्री म्हणाला. सिमेंट कालवतानाही त्याच्या खांद्यावरची पिशवी हलली नव्हती.

“पिशवी ठेवा की खाली.”

“असू दे.”

सुतार मात्र तोंडाचा सैल निघाला. “जिना पाडला तेव्हा मिस्त्री सुट्टीवर. असते तर पाडूच दिला नसता. शेठ दिवसभर इथेच बोंबलत होते. आजींचा वाढदिवस होता, फुलं वर न्यायला मलाच चढवलं.”

“सुतारानेच नेला असणार,” भाऊजी कुजबुजले.

“भाऊजी, परवान्याचा मालक बाराला दिवसभर कार्यालयात होता. शेठ त्या दिवशी कुठे होते?”

“इथे. म्हणजे... अरेच्चा!”

“म्हणजे परवाना शेठचा नव्हेच. आजींच्या वाढदिवशी इथे कोण नव्हतं? पायरीची उंची कुणाला ठाऊक होती?” वहिनींनी वरून डोकावणाऱ्या सूनबाईकडे पाहिलं. “सूनबाई, तुम्ही कागद तपासलात, माणूस तपासला नाहीत. कागद खरा, नाव खरं. फक्त ते नाव लावणारा खोटा.” वहिनी वळल्या. “मिस्त्री, आता पिशवी उघडा.”

मिस्त्रीने पिशवी उघडली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला परवाना त्याने बाहेर काढला.

“अकरा वर्षं शेठच्या कपाटात होता. दुसरी प्रत मागायला गेलो असतो, तर पहिला कुणाला वापरायला दिला हे सांगावं लागलं असतं. बाईंनी मूळ कागद मागितला, म्हणून तो पहिल्यांदा बाहेर आला. तक्रार झाली असती तर रद्द माझाच झाला असता. चोरी नाही केली हो. माझाच होता.”

“ती तक्रार आता तुम्हीच करा,” वहिनी म्हणाल्या. “वापरायला दिलात, तेही सांगा. शिक्षा होईल ती होईल. पण आज कागदोपत्री हे काम तुमचं आहे.”

सहा वाजले. शेठ शिडी न्यायला पुढे झाले. मिस्त्रीने खालच्या पायरीवर पाय रोवला.

“शिडी राहील,” तो म्हणाला. अकरा वर्षांत त्याने शेठना दिलेला तो पहिला हुकूम होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मिस्त्री आणि सुताराने फळ्यांचा कठडेवाला जिना उभा केला. आजी एकेक पायरी मोजत उतरल्या. भाऊजी त्यांना आधार द्यायला पुढे होते, पण कठडा भाऊजींनीच जास्त घट्ट धरला होता.

जमिनीला पाय लागताच आजींनी मिस्त्रीपुढे हात केला. “परवाना दाखव.”

त्यांनी तो नाकाला लावून पाहिला, मग मिस्त्रीची हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला.

“हं. कान तेच आहेत,” त्या म्हणाल्या. “आता बांध माझा जिना.”