मेण राहिलेलं कपाट

माझा जन्म औषधाच्या दुकानात गेला. तराजूवर चढत नाही ते खरं मानायची मला सवय नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर नव्या लाकडाला जुनं रूप देण्याच्या रंगकामाच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा माझी मुलगी लोरेना फोनवर हसत सुटली. ती स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करते. तिची सहा वर्षांची मुलगी ब्रिसा तोवर साल्तो गावी लोरेनाच्या सासूकडे होती. आता माझ्याकडे राहायला येणार होती. तिच्यासाठी मला कपाट करायचं होतं.

"तिला नीट खाऊ घाल, आई. सुकलीय गं पोरगी."

"वर्षभरात ओळखणार नाहीस," मी म्हटलं. शब्द दिला तो असा.

मोन्तेविदेओच्या बंदरामागच्या गल्लीत, बंद पडलेल्या सुतारखान्यात ओफेलिया बेंतांकोरबाई वर्ग घ्यायच्या. टर्पेंटाइनचा वास, नदीवरून येणारा ओला वारा, आणि हातोहात फिरणारा, येर्बाच्या पानांच्या कडू काढ्यानं भरलेला वाळका भोपळा. एकच नळी, सगळ्यांनी ओढायची. माझं कपाट साध्या पाइनचं होतं. खाली हिरवा रंग, त्यावर पांढरा. पांढरा वाळला की पॉलिश पेपरनं घासून मधूनमधून हिरवा दिसू द्यायचा.

"वाटेल तिथं घासायचं नाही," बाई सांगायच्या. "रंग जातो तो हात लागतो तिथं. तेव्हा हात कुणाचा ते आधी ठरवा. खरं माणूस घ्यायचं नाही. मनातलं घ्या. त्याला जगवा, त्याचा शेवट करा, मग मेण लावा. मेण लागलं की वापर संपला."

वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या झुल्मानं तिच्या पेटीसाठी मनातला एक दारुडा कप्तान घेतला होता. "बुडवला मेल्याला परवाच," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यापेक्षा बरा होता, पण काय करणार."

मी एक मुलगी घेतली. खरं माणूस नको म्हणून तिला डावखुरी केलं. उंची मात्र ब्रिसाची धरली. कपाट तिच्या मापाचं दिसावं, एवढाच हिशोब. डावा हात टेकेल तिथं, दाराच्या कडेला, चार बोटांएवढं घासलं. छान जमलं होतं. तेवढ्यात लोरेनाच्या सासूचा फोन आला, ब्रिसाची बस लवकर पोचतेय म्हणून. मेण तसंच ठेवून मी स्टँडवर पळाले. दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला कपाट घरी टाकून गेला.

ब्रिसा गुणी पोर. सगळं खायची, शांत झोपायची. मी तिला स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभी करून डोक्यावर पेन्सिलची रेघ मारली.

हिवाळा लागला तेव्हा कपाटाच्या दारावरचा हिरवा पट्टा मला थोडा वर सरकल्यासारखा वाटला. मेण नाही, रंग खडूसारखा मऊ, पोराचा हात लागतोच, असं मी मनाशी म्हटलं. पण ब्रिसा उजव्या हाताची. दार उघडताना ती मूठ धरायची, कडेला हात लावायचीच नाही. मी दोन दिवस पाळत ठेवली.

मग मी मेण लावलं. चांगले दोन हात लावले, फडक्यानं चमक येईपर्यंत घासलं. पुढच्या महिन्यात मेणाखालचा पांढरा आणखी वर झिजला होता. मेणाची चमक मात्र जशीच्या तशी होती. मी बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत लागलं.

मी बाईंना जाऊन सांगितलं. म्हणजे, रंगात काही खोट असेल का, एवढंच विचारलं.

त्या भोपळ्यात पाणी ओतत होत्या. "तुझ्या पोरीचं पुढं काय झालं?"

"बरी आहे ब्रिसा."

"ती नव्हे गं. डावखुरी. तिचा शेवट काय केलास?"

"काहीच नाही. राहूनच गेलं."

"आणि उंची कुणाची दिलीस?"

मी सांगितलं. बाईंनी भोपळा माझ्याकडे दिला नाही, झुल्मालाही नाही. तसाच फळीवर ठेवला आणि हात पुसत राहिल्या. झुल्मानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आपली पेटी घासायला घेतली.

घरी येऊन ब्रिसाला चौकटीशी उभी केली. नवी रेघ जुन्या रेघेवरच पडली. पेन्सिल नीट धरली नसेल म्हणून पुन्हा मारली. तिथंच.

डॉक्टर म्हणाले, मुलं थबकतात आणि मग एकदम वाढतात. रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. मला भीती वाटत होती, आणि ती सांगण्याजोगी नव्हती.

एका दुपारी मी दार पार लाकडापर्यंत खरवडायला घेतलं. पांढरा गेला. हिरवा गेला. खालचं पाइन एका जागी दबलेलं होतं, चार बोटांएवढं, माझ्या छातीच्या उंचीवर.

मी पेपर ठेवून दिला. दार टाकून देऊ म्हटलं, पण हात पुढे होईना.

लोरेनानं ब्रिसाला वाढदिवसाला बूट पाठवले होते, मुद्दाम मोठ्या मापाचे, वर्षभर पुरावेत म्हणून. ब्रिसाच्या पायात ते खुळखुळायचे. "मोठी झाले की घालेन," म्हणून तिनं ते खोक्यासकट कपाटात ठेवले होते.

काल लोरेनाचा फोन आला.

"बूट होतात का गं आता तिला?"

मी खोकं काढलं. बुटांचे तळ झिजून गुळगुळीत झाले होते. नाड्या कुणीतरी उलट्या बाजूनं बांधल्या होत्या. डाव्या बुटाचं टोक आतून अंगठ्यानं फाटलं होतं.

"लहान झाले," मी म्हटलं.

"बघ," लोरेना हसली. "म्हटलं नव्हतं? तुझ्याकडे वाढेलच ती. एक नंबर मोठे पाठवू ना?"

मागे ब्रिसा स्टूल ओढत आणत होती. कपाटाच्या मुठीपर्यंत तिचा हात आता पोचत नव्हता.