लाल ढाण्या आणि फ्रिजवरचा आंबा

टप्!

आंबा पुन्हा खाली पडला.

"तुला नीट लावता येत नाहीये," चिराग कुजबुजला. "आण इकडे!"

"घे, तूच लाव! तुझ्या हाताला काय गोंद लागलाय?" उल्काने आंबा त्याच्या तळहातावर आपटला.

हा आंबा खायचा नव्हता. उल्काच्या घरच्या फ्रिजवर वर्षानुवर्षं चिकटून बसलेलं ते हापूसच्या आकाराचं चुंबक होतं. जुलैतल्या ऐन दुपारी बहरीनमधलं सगळं माहूज एसी लावून घोरत पडलं होतं. रस्त्यावर माणूस नव्हतं, की मांजर नव्हतं. अशा वेळी उल्का, चिराग आणि श्रावस्ती ही तीन कार्टी ते चुंबक घेऊन ताहिरचाचांच्या अंगणातल्या शेडमध्ये शिरली होती. हल्ली शेडमध्ये पाऊल टाकायला त्यांना सक्त मनाई होती, हे वेगळं सांगायला नकोच.

चिरागने गाडीच्या दाराखालच्या पट्टीवर आंबा दाबून धरला आणि हात काढला.

टप्!

"बघ!" उल्का म्हणाली. तिच्या कपाळावरून घामाची धार लागली होती, पण ती पुसायचंही तिला सुचत नव्हतं. "पत्रा असता तर चुंबक चिकटलं असतं. इथे पत्राच नाहीये!"

समोर उभी होती ताहिरचाचांची जुनी अमेरिकन मसल कार. लांबलचक नाक, रुंद खांदे आणि लालभडक, नवाकोरा रंग! मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं ढाण्या. ताहिरचाचांनी ती तरुणपणी हौसेने घेतली होती आणि लग्नानंतर चाचींना घेऊन ते तिच्यातून सगळं बहरीन फिरले होते. पुढे ती समुद्राजवळच्या एका मोकळ्या जागेत पडून राहिली आणि खाऱ्या वाऱ्याने तिची पार चाळण करून टाकली. चाची आजारी पडून सलमानियाच्या हॉस्पिटलात दाखल झाल्या, तेव्हा एक दिवस हसत म्हणाल्या, "घरी येईन तर त्याच गाडीतून!" झालं! ताहिरचाचांनी ढाण्याला घरी ओढून आणलं. शेजारच्या इमारतीत राहणारे उल्काचे बाबा, चंद्रशेखर, हे मोठे इंजिनियर. त्यांनी गाडी पुन्हा उभी करायची जबाबदारी आनंदाने अंगावर घेतली, आणि प्रत्यक्ष काम दिलं गॅरेजवाल्या जगदीशकाकांच्या माणसांना.

सुट्टी लागल्यावर मुलांनीही तारेच्या ब्रशने गंज घासला होता. तेव्हाच चालकाच्या शेजारच्या जागेवर चिरागचा पाय तळातून आरपार गेला होता! बाबा म्हणाले होते, "इथला सगळा पत्रा कापून नवा जोडायचा." नवे पत्रेही आले होते. मग उल्का महिनाभर पुण्याला गेली. काल परत येऊन पाहते तो काय? ढाण्या चकाचक, आणि नवे पत्रे शेडच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, जसेच्या तसे!

"आतून बघू," श्रावस्ती म्हणाली. ती नागपूरची, आणि मुद्द्याला हात घालण्यात पटाईत. तिने दार उघडून पायाखालचा गालिचा उचलला. उल्काने आधी चालकाच्या बाजूला आंबा ठेवला. टक्! घट्ट बसला. मग शेजारच्या सीटपुढे ठेवला आणि बोटाने टिचकी मारली. आंबा कॅरमच्या स्ट्रायकरसारखा सुळकन सरकत गेला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फायबर आणि पुट्टी," उल्का हळूच म्हणाली. "भोकं नुसती बुजवलीत आणि वरून रंग मारलाय."

"अन् सीटचे बोल्ट?" श्रावस्तीने वाकून पाहिलं. "त्याच पुट्टीत पिळलेत बे! जोरात ब्रेक मारला तर सीट माणसासकट पुढे जाईल!"

आणि त्या सीटवर कोण बसणार होतं? चाची! आजारातून नुकत्या उठलेल्या चाची!

उल्काने ताबडतोब बाबांना फोन लावला.

"उल्का, मी मीटिंगमध्ये आहे गं!"

"बाबा, ढाण्याचा तळ खोटा आहे! आम्ही चुंबक लावून पाहिलं..."

"तुम्ही शेडमध्ये आहात? आधी बाहेर व्हा! मी जगदीशने पाठवलेले सगळे फोटो बघितलेत. फर्स्ट क्लास काम झालंय. रंगाला ओरखडा गेला ना, तर गाठ माझ्याशी आहे!"

फोन बंद.

"फोटो!" चिराग वैतागला. "फोटोला चुंबक लावतात का?"

"हितं काय चाललंय?"

तिघंही दचकली. दारात जगदीशकाका उभे होते. सांगलीचा हा माणूस एरवी मुलांना हसत टपली मारायचा. आज मात्र त्याचा चेहरा ताठ होता.

"काका, इथे चुंबक का चिकटत नाही?" उल्काने सरळच विचारलं.

जगदीशकाकांची नजर कोपऱ्यातल्या पत्र्यांकडे गेली आणि लगेच परत आली. "त्यावर जाड रबराचा थर दिलाय. गंज लागू नये म्हणून. त्याला चुंबक कसं धरंल? शहाणपणा पुरं झाला, चला बाहेर!"

उल्का गोंधळली. असेलही की! खरंच रबर असलं तर? चाचांच्या आनंदावर आपण उगीच पाणी ओतायचं? पण मग काकांनी पत्र्यांकडे का पाहिलं?

इतक्यात अंगणातून धावत सुहा आली. ताहिरचाचांची ही नात मुलांच्याच वयाची, पण सुट्टीभर ती रोज हॉस्पिटलात जात होती. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"गाइज! ग्रँडमा आज ही घर आ रही है! डॉक्टरने छोड दिया! ग्रँडपा अभी गाडी निकाल रहे हैं!"

"आज?" जगदीशकाका ओरडलेच. "ते तर शुक्रवारी होतं ना?"

त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, भीती होती. उल्काला ती स्पष्ट ऐकू आली आणि तिचा गोंधळ पार मिटला.

"सुहा," ती म्हणाली, "ग्रँडमाला या गाडीत बसवू नकोस."

सुहाचं हसू मावळलं. "व्हॉट? वो तो महीनेभर से इसी का इंतजार कर रही है!"

"म्हणूनच सांगतेय."

पण बोलायला वेळच मिळाला नाही. पांढराशुभ्र पायघोळ झगा, अत्तराचा घमघमाट आणि हातात किल्ली, असे ताहिरचाचा शेडमध्ये आले. मागोमाग बाबाही धापा टाकत पोचले. चाचांचा फोन आल्याबरोबर ते जुफैरच्या ऑफिसमधून गाडी हाणत आले होते.

"चंद्रशेखर! आज मेरा बीबी घर आएगा!" चाचांनी बाबांना मिठीच मारली. मग ते ढाण्यात बसले आणि किल्ली फिरवली.

गुर्र्र... धडाड् धडाड् धडाड्! शेडचे पत्रे थरथरले. ढाण्या जागा झाला होता! चाचांचे डोळे भरून आले. बाबा टाळ्या वाजवू लागले.

आणि उल्का पळत जाऊन थेट शेडच्या दारात, गाडीपुढे हात पसरून उभी राहिली.

"उल्का! बाजूला हो!" बाबा ओरडले.

"नाही होणार! गाडीचा तळ खोटा आहे!"

"पुरे झालं तुझं! चाचांच्या आनंदाच्या दिवशी हा काय तमाशा लावलायस?"

बाबा इतके चिडलेले उल्काने कधी पाहिले नव्हते. चाचांच्या चेहऱ्यावरचं हसू विरत चाललं होतं, आणि ते आपल्यामुळे, हे तिला अगदी सहन होत नव्हतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ती सीट होती आणि सीटवर चाची. चिराग आणि श्रावस्ती येऊन तिच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. क्षणभर थांबून सुहासुद्धा आली!

तेवढ्यात उल्काला एकदम सुचलं.

"ठीक आहे बाबा, मी बाजूला होते," ती म्हणाली. "पण चाचींच्या आधी जगदीशकाकांनी त्या सीटवर बसायचं. इतकी मेहनत केलीय त्यांनी, पहिल्या फेरीचा मान त्यांचाच! चाचा, आप जोर से चलाओ और जोर से ब्रेक मारो!"

"अरे, बराबर बोला बेटी!" चाचांची कळी खुलली. "यल्ला, चलो जगदीश, बैठो, बैठो!"

जगदीशकाका जागचे हलले नाहीत. "न्हाई... म्हंजे... मी कशाला? कपडे मळकट हाइत माझे."

"मफी मुश्किल!" चाचांनी हाताने सीट थोपटली. "कुछ नहीं होगा!"

काका दाराशी गेले. एक पाय आत टाकला. तोही कसा, तर निजलेल्या बाळाशेजारी टाकावा तसा, अलगद! बाबांच्या टाळ्या थांबल्या. ते इंजिनियर होते; पाय असा का टाकला जातो, ते त्यांना समजत होतं. काका कसेबसे सीटवर टेकले. चाचांनी गियर टाकला.

"थांबा!" जगदीशकाका किंचाळले आणि बाहेरच उडी मारली. "चाचा, रुको! गाडी बंद करो! खलास!"

इंजिन थांबलं.

"पोरगी खरं बोलतीय," काका मान खाली घालून म्हणाले. "तिथं पत्रा न्हाई. वेल्डिंगवाला जमालुद्दीन बापाच्या आजारपणामुळं गावी गेला. दुसरा माणूस मिळंना. तुम्ही रोज इचारायचा, कधी हुनार, कधी हुनार? नाही म्हणायची लाज वाटली. वाटलं, आत्ता भरून घेऊ, मागनं नीट करू."

बाबा पुढे झाले. त्यांनी उल्कापुढे हात केला. तिने त्यांच्या हातावर आंबा ठेवला. सीटपुढे तो सुळकन सरकला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथेच टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि खाली फरशीवर पांढरा भुगा पडला.

बाबांचा चेहराही तसाच पांढरा पडला.

"चाचा, चूक जगदीशची आहे, पण त्याहून मोठी माझी," ते हिंदीत म्हणाले. "मी फोटोंवर गाडी पास केली." मग ते उल्काकडे वळले. "जुनी गाडी घेताना चुंबक फिरवून बघावं, हे तुला मीच शिकवलं होतं ना गं?"

"हो," उल्का म्हणाली, आणि आत्तापर्यंत धरून ठेवलेलं रडू तिला एकदम फुटलं. बाबांनी तिला जवळ घेतलं.

त्या संध्याकाळी चाची सुहाच्या आईच्या साध्या पांढऱ्या गाडीतून घरी आल्या. सगळी हकिकत ऐकून त्या बराच वेळ उल्काचा हात हातात धरून बसल्या. मग चाचांना म्हणाल्या, "इतकी वर्षं थांबले, अजून थोडं थांबेन. पण आता काम माझ्यासमोर होऊ दे!"

आणि तसंच झालं! ढाण्या पुन्हा मोकळा केला गेला. पुट्टी खरवडली, कुजलेला भाग कापला. जमालुद्दीन परतल्यावर निळ्या ठिणग्या उडवत नवे पत्रे जोडले गेले. जगदीशकाका सगळ्यांत आधी यायचे आणि काम झालं, की स्वतःच मुलांना हाक मारायचे, "या, तपासा!" शेडच्या दारात कूलरसमोर खुर्ची टाकून चाची बसायच्या. त्यांच्या नजरेखाली चुकारपणा करायची कुणाची टाप होती?

शाळा उघडायच्या आदल्या शुक्रवारी ढाण्या अंगणात उभा राहिला. चाचांनी दार उघडून धरलं. चाची मात्र बसेनात. त्यांनी उल्कापुढे हात केला.

"आम दो."

उल्काने आंबा दिला. चाचींनी वाकून तो आपल्या सीटपुढे ठेवला.

टक्!

त्यांनी तो ओढून पाहिला. हलेना!

"शाबाश, मेरी छोटी इंजिनियर," त्या म्हणाल्या. मग सीटवर ऐसपैस बसून त्यांनी चाचांच्या खांद्यावर थाप मारली. "यल्ला!"

ढाण्या डरकाळी फोडत फाटकाबाहेर पडला. मुलं आरडाओरडा करत कोपऱ्यापर्यंत त्याच्यामागे धावली. आंबा आतच राहिला होता, पण उल्काने तो परत मागितला नाही.