मुलीकडचे

अंगारकीला राजूरच्या गणपतीच्या दर्शनरांगेत मी तोंडाला स्कार्फ बांधून उभी होते. ओळखलं की ‘मॅडम, मॅडम’ करत थेट गाभाऱ्यात नेतात, आणि मला त्या दिवशी नुसतं माणसांत उभं राहायचं होतं. नायब तहसीलदार झाल्यापासून गावातल्या मैत्रिणीसुद्धा मी दिसले की गप्प होतात. क्वार्टरमध्ये टीव्ही मोठ्यानं लावून मी एकटीच जेवते.

पुढचा उंच माणूस मागं वळला... तो तर हरिओम!

जालन्याच्या अभ्यासिकेत आम्ही एका डब्यात जेवायचो. मी स्पर्धा परीक्षा पास झाले, तो तीर्थपुरीला मोसंबीच्या बागेत परतला. माझ्या सत्काराला आला, टाळ्या वाजवल्या... त्यानंतर फोनच नाही.

“डोळ्यांवरून ओळखलं,” तो म्हणाला. “बाकी समदं झाकलंय.”

“इतके दिवस कुठं होतास?”

“बागेला पाणी देऊन राह्यलो होतो.”

“चोवीस तास?”

तो गालातल्या गालात हसला.

“लग्न?” मी भलतीकडंच बघत विचारलं.

“शेतकऱ्याला पोरगी कोण देतं? स्थळं आल्ती. बाग पाहून खूश, नोकरी न्हाई म्हणल्यावर चहा अर्धा टाकून गेले.”

“मंग माझ्याकडं का न्हाई आलास?”

“विचारायला मुलीकडचे येतात. मी आलो असतो तर लोक म्हणले असते, पोराचा डोळा पगारावर हाय.”

बरोबरच होतं त्याचं. पण माझे वडील, आबा, त्याच्या दारी कसे जाणार? ते माझ्यासाठी अधिकारीच शोधतात. आणि मी, तो विचारील म्हणून वाट पाहत बसले. रीत पाळता पाळता दोघंही वाळत चाललो होतो. मला रडूच यायला लागलं.

ओळखलं तर ओळखलं! मी स्कार्फ सोडला.

“मंग मीच विचारते. करशील माझ्याशी लग्न?”

रांग सरकली, तो सरकला नाही. मागच्या बाई ओरडल्या.

“तुझी बदली होत राहणार,” तो हळूच म्हणाला. “मला बाग सोडता येत न्हाई. लग्न करून एकटंच ऱ्हायचं?”

“एकटे आताबी आहोतच की. निदान कुणाची तरी वाट पाहत राहू...”

त्याचे डोळे भरले. चारचौघांत त्यानं ते पुसलेही नाहीत.

“रविवारी आबांना घेऊन ये.”

“न्हाई आले तर?”

“तर... तू एकटी ये. आईला सांगून ठेवतो, मुलीकडचे येणार हायेत.”