फुली मारलेली जागा

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या आमच्या दोन खोल्यांत, दक्षिणेच्या खिडकीपाशी, पर्ल आणि मी तेवीस वर्षं एकाच टेबलावर काम केलं. सुपरहीरोंची कॉमिक्स. मी पेन्सिलीने पानं काढायचो, ती त्यावर शाई चढवायची. कॅप्टन हार्बरच्या एकशे सहासष्ट अंकांवर माझं नाव आहे, अर्व लुबेल. तिचं एकावरही नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. जिथे पूर्ण काळं हवं तिथे पेन्सिलवाला गिरगटत बसत नाही, बारीक फुली मारतो. शाईवाला ती जागा भरतो. एकदा चुकून मी कॅप्टनच्या डोळ्यावरच फुली मारली. पर्लने डोळा भरून टाकला.

"अगं, बघायचं तरी!"

"मी कशाला बघू? तू फुली मारायचीस, मी भरायचं. नवरा शहाणा आहे असं धरून चालले, एवढीच माझी चूक."

फेब्रुवारीत ती गेली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती रोज सकाळी तारखेवर फुली मारायची. ती डावखुरी. तिच्या फुलीचा एक पाय लांब आणि उलटीकडे झुकलेला असायचा. शेवटची फुली सहा तारखेवर आहे.

टेबलावर एकशे सदुसष्टावा अंक पडून होता. बावीस पानं. अकरांवर तिची शाई, अकरा नुसती पेन्सिलीत.

आमचा संपादक मॅनी ब्रेड घेऊन भेटायला आला.

"उरलेली पानं दे, अर्व. शाई रॉस्को चढवेल."

"रॉस्को ब्रश धरतो की झाडू?"

"मग तू कर."

"मला शाई येत नाही. तुला माहीत आहे."

"मग मी काय करू? छापखाना सुतक पाळत नाही, बाबा."

"हा अंक तिचा आहे, मॅनी. अख्खा. दुसऱ्या कुणाचा हात त्यावर लागू देणार नाही मी."

त्याने टोपी उचलली. "सोमवारी सकाळी माणूस पाठवतो. तोवर झालं तर झालं."

बुधवारी दुपारी मी तिच्या खुर्चीत बसलो. बाराव्या पानावर पहिलीच रेघ थरथरली. ती ब्लेडने खरवडली, ब्रश धुऊन ठेवला आणि कॉफी करायला उठलो. दोन वाजले होते. दोन ते पाच ही तिची वेळ.

परत आलो तेव्हा खोलीत ओल्या शाईचा वास होता.

बारावं पान पुरं झालं होतं. रेषा आणि काळं, सगळं. काळ्या भागांच्या कडेला तिच्यासारखे केसाएवढे फटकारे होते. बोट लावलं, बोट काळं झालं. मला वाटलं, दुःखाच्या भरात मीच केलं असेल. पण तो हात माझा नव्हता. मला तसं येतच नाही.

गुरुवारी खोलीला कुलूप लावून बागेत जाऊन बसलो. किल्ली खिशात होती. पाचला आलो तर आणखी चार पानं झाली होती.

शुक्रवारी मी खुर्चीसमोर बसून राहिलो. काही झालं नाही. स्वयंपाकघरात गेलो, आणि पान झालं.

"पर्ल?" मी तिथूनच हाक मारली. फक्त ब्रश बाटलीच्या काठाला टेकल्याचा आवाज आला.

शनिवारी संध्याकाळी एकच पान उरलं. मग माझ्या लक्षात आलं. ते झालं की तिला यायचं कारण उरणार नाही.

ते पान मी गादीखाली लपवलं. रविवारी सकाळी दुसऱ्या कागदावर तिलाच काढलं, तिच्या खुर्चीत बसलेली. केसांवर फुल्या मारल्या. दोन वाजले, तीन वाजले. चित्र पेन्सिलीतच राहिलं. तिने कधीही अंकाबाहेरचं काम घेतलं नव्हतं.

चारला मी बाविसावं पान गादीखालून काढून टेबलावर ठेवलं. नाइलाज होता.

पाचला ते पुरं झालं होतं. ब्रश धुऊन, टोक ओठांनी सरळ करून आडवा ठेवलेला. अंक संपला की ती तसाच ठेवायची.

मी खूप वेळ उभा होतो. मग पेन्सिल घेतली आणि डाव्या हाताच्या करंगळीच्या नखावर बारीक फुली मारली. हात टेबलावर ठेवला. मान स्वयंपाकघराकडे वळवली.

थंड लागलं.

बघितलं तर करंगळी पेरापर्यंत काळी झाली होती. कडेला केसाएवढे फटकारे. साबणाने निघाली नाही. सुई टोचून पाहिली. काही लागलं नाही.

आज सकाळी मॅनीचा माणूस पानं घेऊन गेला. तासाभराने मॅनीचा फोन आला.

"कुणाकडून करून घेतलंस?"

"तिच्याकडून."

मी फोन ठेवला, आणि तेव्हाच मनगट दिसलं.

मनगटावर पेन्सिलीची फुली होती. मी मारलेली नव्हती. तिचा एक पाय लांब होता, उलटीकडे झुकलेला.

आता दोनला पाच मिनिटं आहेत. बाही कोपराच्या वर गुंडाळली आहे. हात तिच्या बाजूला, टेबलावर ठेवला आहे. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून बसलो आहे.