भरलेला कॅन वाजत नाही

रात्रीचे साडेनऊ झाले होते. पहाटे चारला निघायचं म्हणून पुतणी आणि तिचा नवरा अंगणात गाडी भरत होते. गाडी नवी, उंच चाकांची, दगडधोंड्यांवर चढणारी. रस्ता नसलेल्या माळावर चार दिवस हिंडायचा बेत होता. मागच्या कॅरिअरवर डिझेलचे दोन आणि पाण्याचे दोन असे चार कॅन पट्ट्यांनी आवळायचे होते. जावई चौथा कॅन नळाखाली धरून उभा होता. मी जवळ गेलो, वाकलो आणि वास घेतला.

"हा कुठून आणलात, जावईबापू?"

"गॅरेजवाल्यानं दिला, काका. जुना आहे, पण साबणानं तीनदा धुतलाय."

"डिझेलचा होता."

"होता. आता पाण्याचा."

"बारसं केलं म्हणून गुण बदलतो काय? नळ बंद करा आधी."

पुतणी हसली. "झालं! आता काका एखाद्या ठेकेदाराला धुतल्याशिवाय झोपू देणार नाहीत."

"धुणारच. बसा पायरीवर दोघं. आणि तो दिवा घालव, किडे जमलेत."

दिवा गेला. मी जे सांगितलं ते असं.

*

हे माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलंय. तो माझ्या टेबलासमोर बसून बोलला, मी वहीत उतरवलं आणि खाली त्याची सही घेतली. चौतीस वर्षं बातमीदारी केली, गंभीर गोष्ट सहीशिवाय छापली नाही. भुताबितांवर माझा विश्वास आहे का, हे विचारू नका. सरकारी अहवालांवर नाही, एवढं मात्र नक्की.

तो माणूस ड्रायव्हर. खडकाचे नमुने काढायला जमिनीत खोल भोकं पाडतात, त्या कामावरच्या एका ठेकेदाराकडे होता. डेपोपासून कामगारांचा तळ एकशे दहा किलोमीटर. त्यातले पहिले वीस डांबरी, पुढे नुसत्या चाकोऱ्या. झाड नाही, विहीर नाही, फोनला रेंज नाही. बोलायचा इतका कमी, की सगळे त्याला मौनी म्हणत.

असल्या वाटेवर ड्रायव्हरचा जीव त्या चार कॅनमध्ये असतो. डिझेलचे दोन उजवीकडे, पाण्याचे दोन डावीकडे. डिझेलच्या कॅनमध्ये वर चार बोटं जागा सोडायची, कारण उन्हानं ते फुगतं. पाण्याचा कॅन मात्र अगदी गळ्यापर्यंत भरायचा. म्हणून गाडी हलली की डिझेलचा कॅन वाजतो. भरलेला पाण्याचा कॅन वाजत नाही. काळोखात हात न लावता, नुसत्या कानानं मौनी सांगायचा, कुठला कॅन कुठे आहे.

"उथळ पाण्याला खळखळाट फार," जावई म्हणाला.

"तेच. आत्ता गंमत वाटतेय. थांबा जरा."

त्या कामावर एक मोजणीवाला होता. डावखुरा, म्हणून डावऱ्या. लिहायचा डाव्या हातानं, पाना आवळायचा डाव्या हातानं. मौनीची जी रात्र सांगणार आहे, तिच्या दोन वर्षं आधी तो एकटाच गाडी घेऊन निघाला आणि चाळिसाव्या किलोमीटरला वाळूत रुतला. शोधायला माणसं गेली तिसऱ्या दिवशी. गाडीच्या सावलीला सापडला. गेलेला. मागे पाण्याचे दोन कॅन होते. एक भरलेला. दुसऱ्यात घोटभर कमी.

"पाणी असून?" पुतणीनं विचारलं.

पाणी! मी तो कॅन हुंगलाय. मुळात डिझेलचे कॅन ते. ठेकेदाराला नवे घ्यायचं जिवावर आलं, म्हणाला, धुवा आणि भरा. डावऱ्यानं घोट घेतला असेल, उलटी झाली असेल, अंगात होतं तेही पाणी गेलं असेल. आणि अहवालात काय लिहिलं? मला पाठ आहे. 'वाहनात पुरेसे पिण्याचे पाणी उपलब्ध होते. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' पुरेसे! हा शब्द लिहिणाऱ्या साहेबांनी त्यातलं एक पेलाभर माझ्यासमोर पिऊन दाखवावं, असं मी लिहिलं. छापलं कुठे? आतल्या पानावर, चार ओळींत. आणि त्याच्या बायकोला जो तो सांगत सुटला, बाई, तुमचा नवराच वेंधळा.

ते कॅन कुणी भरले, एवढं एक सिद्ध झालं असतं तर अहवाल फिरवता आला असता. मी एकेकाला गाठून विचारलं. मौनीलाही विचारलं. त्यानं मिठाची गुळणी धरली.

आता त्याची रात्र.

मंगळवार, एकोणीस मे. तळावर चार माणसं अडकली होती. टँकर दोन दिवस फिरकला नव्हता, आणि त्यांच्या गाडीची डिझेलची नळी दगडाला लागून फाटल्यानं टाकी रिकामी झाली होती. दुपारी वायरलेसवर निरोप आला, माणशी एक पेला पाणी उरलंय. निरोप देणारा मौनीचा सख्खा धाकटा भाऊ. शेवटी म्हणाला, "दादा, तूच ये रे. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर नको."

ठेकेदार म्हणाला, "सकाळी टँकर जाईल की. एका रात्रीत काय मरतात का?"

मौनी वाद घालणाऱ्यातला नव्हता. रात्री नऊपर्यंत वाट पाहिली आणि खिळ्यावरची किल्ली काढून घेतली. पाण्याचे कॅन त्याचे स्वतःचे होते. निळे, कोरे. डावऱ्या गेल्यावर त्यानं खिशातून आणलेले. गळ्यापर्यंत भरले. झाकणांवर तार घालून पक्कडीनं तीन-तीन पीळ दिले. ही सवयही तेव्हापासूनची. गोदामवाल्यानं कॅन चढवायला हात लावला आणि म्हणाला, "कंबर मोडली रे बाबा, पाणी भरलंयस की शिसं?"

नऊ चाळीसला गाडी फाटकाबाहेर पडली.

पहिला तास नेहमीसारखा. डांबर संपलं, चाकोऱ्या लागल्या. उजवीकडून डिझेलचा आवाज... खळ्... खळ्... डावी बाजू गप्प. मौनी म्हणाला, तो आवाज मला सोबतीसारखा वाटतो.

चाळिसाव्या किलोमीटरला वाळूचा पट्टा आहे. तिथे वेग कमी करावाच लागतो. त्यानं गिअर बदलला. नजर समोर ठेवली. डावीकडे बघायचं नाही, असं तो दर वेळी ठरवायचा.

गाडीचं मागचं अंग दबलं.

फार नाही. मागच्या पायरीवर माणूस चढला की दबतं, तेवढंच.

"खड्डा असेल," जावई म्हणाला.

"त्यालाही तेच वाटलं. खड्ड्यात दबलेलं अंग वर येतं, जावईबापू. हे आलं नाही."

तो थांबला नाही. वाळूत थांबलं की रुतलंच. पट्टा पार झाला. एक किलोमीटर गेला. उजवीकडून... खळ्...

आणि डावीकडून... चुळुक.

त्यानं कान टवकारले. काही नाही.

पुन्हा. चुळुक.

आता गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं आणि उतरला. मागे कुणी नव्हतं. चार कॅन, पट्टे आवळलेले. डावीकडच्या पहिल्या कॅनखाली हात फिरवला. कोरडा. झाकण चाचपलं. तार जागेवर, तीन पीळ जागेवर. मग पट्टा सैल करून कॅन उचलून बघितला.

हलका होता. चार बोटं कमी असावं, इतका.

खाली जमीन कोरडीठाक.

तो येऊन बसला. काच वर घेतली. मला म्हणाला, "साहेब, काच कशाला घेतली, कुणास ठाऊक. आवाज काय काचेतून यायचा थांबतो?"

पंचेचाळीस. आवाज मोठा झाला. खळ्... खळ्...

पन्नास. डचमळ. कॅन अर्ध्यावर आला की असाच आवाज येतो, हे त्याचे कान जाणत होते.

आवाजाला एक ठेका होता. थोडा वेळ चालायचा. मग थांबायचा. एक श्वास घेण्याएवढा. मग पुन्हा.

तहानलेला माणूस असाच पितो.

माझ्या अंगणात नळाचं टपटपणं तेवढं ऐकू येत होतं. पुतणी उठली, नळ घट्ट केला आणि येऊन मघापेक्षा जवळ बसली.

साठ. सत्तर. तो आरशात बघत नव्हता. मनात हिशेब एकच. चार माणसं. दोन कॅन. एक जातोय. एकावर भागेल... भागेल का?... सूर्य साडेपाचला उगवतो.

अठ्ठ्याहत्तर. डावी बाजू गप्प झाली.

भरलेला कॅन वाजत नाही. पण रिकामाही वाजत नाही.

तो तसाच चालवत राहिला. पाच मिनिटं. दहा.

चुळुक.

दुसरा कॅन.

मौनीच्या तोंडचं पाणी पळालं. हा गेला तर भाऊ गेला. वेग वाढवावा तर दगड. मागे फिरावं तर... कुठे? आवाज पुन्हा आला. आणि त्या माणसानं, जो कुणाशी चार शब्द बोलत नसे, त्या रिकाम्या गाडीत तोंड उघडलं.

"मी भरले."

चाकांखालचे दगड. बाकी काही नाही.

"ते कॅन... मीच भरले. माझ्या हातानं. वास येत होता. मला कळत होतं."

...

"ठेकेदारानं सांगितलं, मी भरले. मग सगळे विचारायला लागले... मी भ्यायलो. तुझी बायको दारात आली होती. तिलाही म्हणालो, मला काही माहीत नाही."

...

"सांगतो. त्या पेपरवाल्याला सांगतो. सही देतो. पण हे... हे पोरांचं आहे. माझ्या भावाचं आहे."

...

गाडीचं मागचं अंग वर आलं.

पायरीवरून माणूस उतरला की येतं, तेवढंच.

त्यापुढचे पंचवीस किलोमीटर उजवीकडचं डिझेल तेवढं वाजत होतं. डावीकडे काय आहे, काय नाही, हे बघायला तो थांबला नाही. धीरच झाला नाही.

तीनला दहा कमी असताना तळावर पोचला. भाऊ तंबूतून धडपडत बाहेर आला. ओठ फुटलेले. "आलास, दादा! मी म्हटलंच होतं..." असं म्हणत त्यानं पहिला निळा कॅन दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून ओढला आणि मागे कोलमडला.

"रिकामा आणलास?"

मौनीनं दुसऱ्याकडे नुसतं बोट केलं.

दुसरा जड होता. तार तोडली, झाकण फिरवलं. पाणी गळ्याशी. फक्त घोटभर कमी.

चौघं प्यायले. मौनी समोर बसून एकेकाचं तोंड बघत होता. भाऊ तोंड पुसायला लागला तेव्हा त्यानं विचारलं, "वास आला का रे?"

"कसला वास? पाणी आहे, दादा. नुसतं पाणी."

तेव्हा तो रडला. डिझेल टाकीत घालून उजाडताना सगळे निघाले. चौघंही जगले.

चौथ्या दिवशी तो रिकामा कॅन घेऊन मौनी माझ्या टेबलाशी आला. या वेळी मला काही विचारावं लागलं नाही. बातमी पहिल्या पानावर, सहीसकट. अहवालातलं ते वाक्य खोडायला आणखी सात महिने लागले, माझी एक चप्पल झिजली, पण खोडलं गेलं. 'निष्काळजीपणा' हा शब्द त्या बाईच्या नवऱ्याच्या नावापुढून निघाला. मौनीची नोकरी गेली. ठेकेदार अजून मोकळा फिरतोय. त्याला कुठलं भूत धरत नाही.

*

"कॅनला बारीक भोक असेल, काका," जावई म्हणाला. आवाज मात्र खाली आला होता.

"पंक्चरवाल्याच्या हौदात अर्धा तास बुडवून बसलो होतो. बुडबुडा नाही."

"मग तो एक भरायचाच राहिला असेल."

"गोदामवाल्याची कंबर मग कशानं मोडली? मीही हेच सगळं विचारलं होतं, जावईबापू. माझा धंदाच तो."

मी आत गेलो. जिन्याखालून निळा कॅन काढला आणि आणून पायरीवर ठेवला. झाकण अजून तसंच आहे. तार मी तोडू दिलेली नाही, मौनीलाही नाही. मग पुतणीच्या हातात पक्कड आणि तारेचा तुकडा दिला.

"तुझ्या चांगल्या कॅनच्या झाकणावर तार घाल. तीन पीळ दे. उद्या लागणारच आहे."

तिनं दिले. मोबाइलचा उजेड पाडून बघितलं. नीट बसले होते. मग उजेड माझ्या कॅनवर नेला. परत तिच्या तारेवर. परत माझ्या.

"काका... हा उलटा आहे."

"हो."

"मौनी डावखुरा होता?"

"उजव्या हातानं सही केली त्यानं. माझ्या डोळ्यांसमोर."

जावई उठला. कुणाला काही न विचारता त्यानं तो चौथा कॅन उचलला, अंगणाच्या कोपऱ्यात नेला आणि उपडा केला. पाणी बराच वेळ वाजत राहिलं. मग थांबलं.

पुतणीनं उजेड अजून बंद केला नव्हता. निळं झाकण, त्यावर गंजलेली तार, तारेला तीन पीळ. तिन्ही डावीकडे वळलेले.