उत्तरेची भिंत

१९ ऑक्टोबर १९०२, रविवार. सकाळपासून झिमझिम पाऊस. वारा नाही. वाय नदीवरून धुकं.

आज नव्या चर्चमधला पहिला बाप्तिस्मा होता, माझ्या नातीचा, विनिफ्रेडचा. भिंती मी बांधल्या. आराखडा रँडलसाहेबांचा. दगड गावच्याच टेकडीचा हवा, गिलावा हातानंच व्हावा आणि बिनकामाचं काहीही नको, असा त्यांचा आग्रह. म्हणून त्यांनी उत्तरेचं दार ठेवलं नाही. आमच्याकडे बाप्तिस्म्याला ते दार उघडतात. पाणी पडलं की बाळातून जे वाईट निघतं, ते तिथून जातं. साहेब म्हणाले होते, ज्यातून माणूस जात नाही ते दार कशाला?

"माणूस जात नाही म्हणूनच हवं," सुईण पार्किसबाई आज मला पायरीवर म्हणाल्या. "आता ते काय धुराड्यातून जाईल, जोथम?"

मी हसलो. त्या आत आल्या नाहीत. तिकडे कुणीतरी असायला हवं, म्हणून बाहेरून उत्तरेच्या भिंतीमागे गेल्या.

पाद्रीबाबांनी विनिफ्रेडच्या कपाळावर पाणी घातलं. ती रडली नाही. तिचे ओठ निळे पडू लागले. मग उत्तरेच्या भिंतीला आतून काहीतरी घासत गेलं... गुडघ्याएवढ्या उंचीवरून, कोपऱ्यापर्यंत. आणि परत. तिथं कुणीही दिसत नव्हतं. ओल्या मातीचा वास सुटला.

"बाबा..." माझी मुलगी हेस्टर पुटपुटली, "ही श्वास घेत नाहीये."

भिंत फोडायला पहार साहेबांनीच आणून दिली. चुना अजून पुरता धरला नव्हता. आतले दगड मी उपसले. बाहेरच्या दगडाला पहार लागण्याआधीच तो आपोआप बाहेर ढकलला गेला. घासणं थांबलं. विनिफ्रेड रडली.

भिंतीमागे पार्किसबाई त्या भगदाडासमोर उकिडव्या बसल्या होत्या. श्वास नव्हता. दोन्ही हात पुढे केलेले, सुईण मूल झेलायला धरते तसे.

२२ ऑक्टोबर, बुधवार. स्वच्छ ऊन.

विनिफ्रेड दूध पिते, झोपते. साहेबांनी उत्तरेच्या दाराचा आराखडा काढून दिला. दुपारी पार्किसबाईंना पुरलं. त्यांचे हात शेवटपर्यंत खाली वळले नाहीत, म्हणून सुतारानं पेटीचं झाकण वीतभर उंच केलं. बाई चिमणीएवढ्या. आमच्याकडे पेटी चौघं उचलतात. आज चौघांना ती हलली नाही. सहा जण लागले.