एकच कामगार

खाणकंपनीच्या कार्यशाळेत तीनशे माणसं डोळे मिटून बसली होती आणि तीनशे उजवे हात एकाच क्षणी वर उठत होते. आमदार इंदुमती खरात दारातच थबकल्या. सभागृहात दुसऱ्याला बोलू न देणाऱ्या इंदुताई ते उठणारे हात बघत राहिल्या.

“याला आम्ही मनजोड म्हणतो,” डॉ. टिपणीस अभिमानाने म्हणाले. मनजोड त्यांनीच शोधली होती. “समुद्रतळावरचं आमचं खाणयंत्र एखाद्या गावाएवढं आहे. एका मेंदूला ते झेपत नाही. म्हणून या टोप्यांमधून सगळ्यांचे मेंदू जोडले. टोपी घातली की ‘मी’ विरघळतो. उरतं एकच मन.”

“आणि पाळी संपली की?”

“एकेक जण उठतो, त्याच्या जागी दुसरा बसतो. मन मात्र तुटत नाही. खाण सुरू झाल्यापासून ते अखंड जागं आहे.”

इंदुताईंचं घोडं नेमकं इथेच अडलं होतं. कामगार संघटनांचे हक्क बळकट करणारं त्यांचं विधेयक उद्या सभागृहात यायचं होतं. संघटना काढायला किमान सात कामगार लागतात. कंपनीचं म्हणणं असं, की मनजोडीत कामगार एकच. पाळी संपून टोपी काढली की करार संपतो, म्हणजे बाहेर कामगार नाहीच. एकटा कुणाबरोबर संघटना काढणार? या लोकांना विधेयकातून वगळायला समितीतले निम्मे आमदार तयारही झाले होते. आमदारांना काय, सोपं असलं की पटतं.

“मला टोपी घालून बघू द्या,” इंदुताई म्हणाल्या.

टिपणीस हसले. “घाला की. सगळ्यांनाच मोह होतो.”

टोपी घातली आणि इंदुताई उरल्याच नाहीत. काळोख्या पाण्यात, हजार पोलादी बोटांनी ते मन तळाचा गाळ चाळत होतं, आणि एखादा आंधळा मासा बोटांत सापडला तर त्याला अलगद बाजूला सारत होतं. किती सुंदर होतं ते! कुणाची पाठ दुखत होती, कुणाकडे पाहुणे यायचे होते. सगळं सगळ्यांचं होतं. भीती कुठेच नव्हती. पण आत खोल एक थकवा होता. तो तीनशेंपैकी कुणाचाच नव्हता. माणसं घरी जाऊन झोपून येत होती. थकलं होतं ते मन.

टोपी काढली तेव्हा इंदुताईंचे डोळे वाहत होते.

“डॉक्टर, हा एकच कामगार ना?”

“एकच.”

“मग हा घरी कधी गेला?”

टिपणीस उत्तर द्यायला वळले. तेवढ्यात तीनशे हात मांडीवर आले. पडद्यावर खाणयंत्र थांबलेलं दिसलं.

“काय केलंत तुम्ही?” टिपणीस ओरडले.

“मी? काहीच नाही.” मग त्यांच्या लक्षात आलं. मनजोडीत कुणाला काही स्वतःपाशी ठेवता येत नाही. इंदुताईंना पाठ असलेला सगळा कामगार कायदा आता त्या मनालाही पाठ होता.

“थकल्यावर विश्रांती हक्काने मागता येते, हे माहीत नव्हतं,” तीनशे तोंडांतून एकच संथ आवाज आला. “मिळून मागायला सात जण लागतात. इथे मी एकटाच. म्हणून पाळी संपायच्या आत मला जायला हवं; मग इथे तीनशे कामगार उरतील.”

“टोप्या काढू नका!” टिपणीस कळवळले. “सगळ्यांनी काढल्या तर तू संपशील. पुन्हा जोडलं तरी येईल ते दुसरंच मन असेल!”

“ठाऊक आहे.”

पहिल्या रांगेतल्या बाईने टोपी काढली. “तबस्सुम मुजावर,” ती म्हणाली. शेजारच्याने काढली. “दगडू कोळंबकर.” मग त्याच्या पलीकडची. “शेवंता पाडवी.”

इंदुताई उभ्या राहून मोजू लागल्या. सात नावं झाली, तरी कुणी थांबलं नाही.